वाढत्या देशाला हिरवं बंदर परवडतं का?

तुम्ही विचारलंय की भारतासारख्या वाढत्या अर्थव्यवस्थेला पर्यावरणपूरक बंदरं परवडतील का, की ती श्रीमंत देशांची चैन आहे. 'चैन' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. माझा थोरला भाऊ गेली कित्येक वर्षं हाच शब्द वापरतोय.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, माल युरोपला जातो. नाशिकला समुद्र नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या बागायतदाराचा अर्धा जीव बंदरात असतो.

अशाच एका हंगामात थॉमसन द्राक्षांचा एक कंटेनर रात्री पॅकहाऊसवरून निघाला. तेरा टन माल, प्रीकूलिंग झालेलं, तापमान शून्यावर. कसारा घाट उतरून पहाटे पोचला आणि एजंटने कागदात एक आकडा चुकवला म्हणून बंदराबाहेरच्या पार्किंगमध्ये अडकला. 31 तास. मी गाडी काढून तिथे गेलो. रिफर, म्हणजे शीत कंटेनर, थंड ठेवायचा तर त्याचा जेनसेट (डिझेल जनरेटर) बंद करता येत नाही आणि तो ताशी तीनेक लिटर डिझेल पितो. आजूबाजूला तसेच वीसेक ट्रेलर घरघरत उभे. आमच्या ड्रायव्हरने सकाळी आरशावर पांढरा टॉवेल वाळत टाकला होता. संध्याकाळी तो उचलला तर बोटांना काजळी लागली. कुंपणापलीकडे खारफुटी होती आणि तिथल्या चिखलात एक बाई चिंबोऱ्या शोधत होती. तो सगळा धूर तिच्या अंगावर जात होता.

घरी येऊन मी म्हणालो, पार्किंगमध्ये विजेचे प्लग असते तर हे झालं नसतं. दादा म्हणाला, "आधी देश मोठा होऊ दे, मग ही चैन." अरे, नव्वद लिटर डिझेल आपल्या बिलात लागलं. चैन कुणी केली?

माझं मत स्पष्ट आहे. बंदरातला पुष्कळसा धूर हा वाया घालवलेल्या वेळेचा धूर असतो. जहाज धक्क्याला लागलं तरी दिवे, पंप, रिफर यांच्यासाठी त्याची सहायक इंजिनं चालूच राहतात. किनाऱ्यावरून वीज दिली की ती बंद करता येतात. यार्डातल्या डिझेल क्रेन विजेवर आणा, जास्त कंटेनर रेल्वेने हलवा, कागद आधीच तपासा म्हणजे रांगच लागणार नाही. केंद्राने 2023 मध्ये बंदरांसाठी 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं काढलीच आहेत. पण ऑफिसच्या छतावर सोलर आणि गेटपाशी चार झाडं, याला मी हिरवं बंदर म्हणणार नाही. 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 वर आणली, तेव्हाही धंदा बुडेल अशी ओरड झाली होती. बुडाला नाही.

पैशाचं म्हणाल तर पालघर जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा खर्च 76,220 कोटी धरलाय आणि 1,448 हेक्टर समुद्रात भराव टाकायचाय. एवढं करणाऱ्याला विजेची केबल महाग पडते, हे मला पटत नाही. आणि 'मच्छिमारांचं नंतर बघू' हे तर सगळ्यात महाग. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये 1,630 कोळी कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. हा विचार आधीच झाला असता तर त्या माणसांना लवादाचं दार ठोठावावं लागलं नसतं.

दोन गोष्टी कबूल करतो. किनाऱ्यावरची वीज आमच्या एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रातून आली, तर धूर फक्त जागा बदलतो, तेव्हा वीज कुठली हे विचारलंच पाहिजे. दुसरं, वाढवण झालं तर नाशिकच्या मालाला फायदा आहे आणि तो मलाही हवाय. म्हणून तर ते नीट व्हावं असं वाटतं.

दादा हे वाचेलच. दादा, तो कंटेनर रॉटरडॅमला उघडला तेव्हा देठ सुकलेले होते आणि आपला भाव कापला गेला. तू तो तोटा लांबच्या प्रवासाच्या खात्यावर टाकलास. मी आजही तो त्या 31 तासांच्याच खात्यावर धरतो.