४ बाय २ बाय २ फुटांच्या टँकला लाईट किती वॅटची लावावी?

तुमचा प्रश्न असा, की गोव्यात पर्वरीच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर ४ बाय २ बाय २ फुटांचा गोड्या पाण्याचा टँक बसवताय, खरी झाडं लावायचीत, दुकानदार म्हणतो २०० वॅटची लाईट घ्या आणि मित्र म्हणतो एक साधी ट्यूब पुरे, तर ऐकायचं कोणाचं. मी डिचोलीला राहतो, अगदी याच मापाचा टँक घरी सात वर्षं चालू आहे. माझं मत विचाराल तर सध्या दोघांचंही ऐकू नका. ९०-१०० वॅटची चांगली एलईडी पुरते, आणि पहिला महिना-दीड महिना तीसुद्धा दिवसभर लावायची नाही. नवीन टँक कमी उजेडाने सहसा बिघडत नाही हो, जास्त उजेडाने बिघडतो, आणि हे मी स्वतः भोगलंय म्हणून एवढं ठासून सांगतोय.

पहिल्याच वर्षी टँक लावून जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि चवथ आली. आमचा गणपती पाच दिवसांचा, मखर हॉलमध्ये, वर माटोळी (टांगलेल्या फळापानांची आरास), आणि बाजूलाच टँक. येणारे-जाणारे सगळे टँकसमोर थांबायचे म्हणून पहाटे पूजेच्या वेळी लावलेली लाईट रात्री भजन संपेपर्यंत चालू, म्हणजे दिवसाचे सतरा-अठरा तास, शिवाय पोरं येता-जाता खाणं टाकायची. तिसऱ्या दिवशी काचेवर हिरवट पातळ थर आला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाणी पालकाच्या सूपासारखं, काचेला हात लावला तर पलीकडून दिसेना. दुकानात विचारलं तर शेवाळ मारायचं औषध दिलं, ते टाकलं आणि शेवाळ राहिलं तसंच पण मागे लावलेली व्हॅलिसनेरियाची झाडं सगळी वितळून गेली. शेवटी साधाच उपाय लागू पडला, टँकवर चारी बाजूंनी गोधडी टाकली, चार दिवस उजेड बंद, खाणं बंद, एअर पंप मात्र चोवीस तास चालू, मध्ये उघडून बघायचं नाही. पाचव्या दिवशी गोधडी काढली तेव्हा मागचं लाकूड दिसत होतं, मग अर्धं पाणी बदललं आणि निवळलं. तेव्हापासून माझ्याकडे लाईट टायमरवर असते आणि चवथीलासुद्धा टायमरला कोणी हात लावत नाही.

आता हिशेब. तुमचा टँक काठोकाठ भरला तर साधारण ४५० लिटर. वॅट बघून लाईट घ्यायची पद्धत जुन्या ट्यूबच्या काळातली, एलईडीत वॅट म्हणजे फक्त वीज किती खाते ते, उजेड किती देते ते लुमेनमध्ये बघायचं, खोक्यावर लिहिलेलं असतं. हौशी लोकांचा अंदाज असा की अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन असल्या सोशिक झाडांना लिटरला १० ते २० लुमेन, मध्यम झाडांना २० ते ४०, आणि त्याच्यावर गेलात की सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलेंडर, खतं, दर आठवड्याला कात्री असं सगळं मागे लागतं. म्हणजे तुम्हाला सोशिक झाडांची वरची मर्यादा धरली तरी ९००० लुमेन. बऱ्यापैकी एलईडी वॅटला १०० लुमेनच्या आसपास देते, झाले ९० वॅट. रोज आठ तास लावली तर महिन्याला २०-२२ युनिट. तुमच्या मित्राची ट्यूब २० वॅटची एलईडी धरली तरी २००० लुमेन, त्यात मासे छान दिसतील पण तळाची झाडं हळूहळू संपतील, कारण तुमचा टँक दोन फूट उंच आहे आणि वर पडणाऱ्या उजेडातला थोडाच तळापर्यंत पोचतो. हा दोन फुटांचा मुद्दा सगळे विसरतात. दीड फुटी टँकला जी लाईट पुरते ती तुम्हाला कमी पडेल, म्हणून जास्त उजेड लागणारी झाडं दगडाला-लाकडाला बांधून वर उचला आणि तळाला क्रिप्ट (क्रिप्टोकोरीन) लावा, त्यांना मंद उजेड चालतो.

मी काय लावलंय ते सांगतो. बाजारात ब्रँडेड अ‍ॅक्वेरियम लाईट मिळतात, सुंदर असतात पण चार फुटी चांगली महाग पडते. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून ५० वॅटचे दोन फ्लडलाईट आणले, खोक्यावर ६५०० केल्विन, कूल डेलाइट, आयपी ६५ (म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारे) लिहिलेले, आणि भिंतीत ब्रॅकेट मारून पाण्याच्या वर फूटभर अंतरावर टांगलेत, एकेक दोन-दोन फुटांवर उजेड टाकतो. त्याचा एक फायदा मला आधी माहीतच नव्हता, उजेड एका बिंदूतून येतो ना, त्यामुळे पाणी जरा हललं की तळाच्या वाळूवर उजेडाच्या जाळ्या सरकत राहतात, उन्हाळ्यात ओहोळाच्या तळाशी दिसतात अगदी तशा. पट्टीवाल्या लाईटीत हे फारसं दिसत नाही. जांभळ्या-गुलाबी उजेडाच्या लाईटी मात्र घेऊ नका, झाडं वाढतील पण घरात बसवत नाही आणि माशांचे खरे रंग मरतात.

आयपी ६५ चा आग्रह आपल्या हवेमुळे. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घामेजतात आणि किनाऱ्याकडे हवेत मीठ, उघड्या लाईटीचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) आतून गंजून बंद पडतात. स्टँड लोखंडी असेल तर पावडर कोटिंग करून घ्या, साधा प्लायवूड नकोच, कडा फुगतात. वायरचा एक वळसा सॉकेटच्या खालपर्यंत लोंबता ठेवा म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळेल, आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाईन तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पाण्यात हात घालायचा असतो आपल्याला रोज, यात काटकसर नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण लाईटच्या आधी तीच बघा. पाणी ४५० किलो, १२ मिमी काच ९० किलोच्या आसपास, वाळू-दगड-स्टँड धरून साडेसहाशे किलो सहज, आणि हे सगळं आठ चौरस फुटांवर. घरांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने डिझाईन करतात, तुमचा टँक त्या जागेवर ८०० च्या वर जातो. म्हणून खोलीच्या मधोमध अजिबात नको, बीम जिथे जातो त्या भिंतीला लांबी टेकवून ठेवा, आणि ठेवण्याआधी बिल्डिंगचा प्लॅन एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. आमचं घर जुनं, तळमजला, चिऱ्याच्या जोत्यावर, म्हणून मला हा प्रश्न आला नाही. आणि खिडकीसमोर नको, ऊन टायमरवर चालत नाही.

टायमर घेताना बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल घ्या. तो गोल चकतीवाला स्वस्त असतो पण लाईट गेली की चकती थांबते, आमच्याकडे पहिल्या पावसात रोज एवढी लाईट जायची की आठवड्याभरात तो दीड तास मागे पडला. वीज जाण्यावरून, बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात पाहिजेच, आणि बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर सुरू करताना आतलं कुजकं पाणी आधी बादलीत काढून टाका, ते सरळ टँकमध्ये जाऊ देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर मी लाईटला दुपारची विश्रांती देतो, आपली दुकानं एक ते चार बंद असतात तशीच. सकाळी ९ ते १, मग बंद, संध्याकाळी ५ ते ९. सकाळी झाडं पाण्यातला सीओटू वापरून संपवतात, मधल्या चार तासांत माशांच्या श्वासातून आणि तळाच्या कुजण्यातून तो परत थोडा साठतो, आणि संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात की टँक उजळलेला असतो. संध्याकाळी सातच्या सुमारास अनुबियासच्या पानाखालून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढताना दिसते तेव्हा खूप बरं वाटतं.

पाणी तुमच्याकडे नळाचं असणार, क्लोरीनवालं, भरल्यावर क्लोरीन मारायचं औषध टाका किंवा बॅरलमध्ये एअर पंप लावून दिवसभर ठेवा. विहिरीचं असेल तर वेगळं, जांभ्या दगडातलं आपलं पाणी बहुतेक मऊ आणि आम्लधर्मी, एंजलला, टेट्राला उत्तम, पण त्यात पीएच एकदम कोसळू शकतो, त्यावर मी तिसऱ्यांच्या (आपण खातो त्या) शिंपल्या स्वच्छ उकळून जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवतो, त्या हळूहळू विरघळून पीएच धरून ठेवतात. समुद्रावरची वाळू मात्र आणू नका, त्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुरा भरमसाट. हीटरची गरज नाही, आपलं पाणी बारा महिने २५ च्या आसपास किंवा वरच, उलट एप्रिल-मेमध्ये ३१-३२ ला जातं तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, हवेचा पंप वाढवा.

तर पहिल्या दिवसापासून असं करा. झाडं लावा, भरपूर लावा, मासे नकोत. फिल्टर चालू, लाईट रोज फक्त ५ तास, दोनातला एकच फ्लडलाईट किंवा दोन्ही दीड फूट वर उचलून. क्रिप्टची पानं गळतील, घाबरू नका आणि उपटू नका, मुळातून परत येतात. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही माशांना विषारी, शून्य यायला चार ते सहा आठवडे लागतात, टेस्ट किटने बघत राहा, मगच थोडे थोडे मासे. त्यानंतर लाईट दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा, काचेवर हिरवं दिसलं की जिथे आहात तिथेच दोन आठवडे थांबा. त्या पहिल्या चवथीनंतर आठ तासांच्या पुढे मी कधी गेलेलो नाही.

पाणी नळाचं की विहिरीचं, आणि कुठले मासे ठेवायचेत ते खाली लिहा, त्याप्रमाणे झाडांची नावं सांगतो.