तीन मुलांसाठी रविवारची वेगळी बॅच काढू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विशारद झालात, गायनाचा क्लास सुरू केलात, तो बरा चाललाय. आता तीन मुलांचे पालक येऊन गेले. एका मुलीला दिसत नाही, एका मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) आहे, तिसरा मुलगा ऑटिस्टिक आहे. तिघांना शिकवायची तुमची इच्छा आहे, पण बाकीची मुलं मागे पडतील या भीतीनं त्यांची रविवारी वेगळी बॅच काढावी का, आणि अशा कामावर संगीतशिक्षक म्हणून उभं राहता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

वेगळी बॅच काढू नका. माझं शिकवण्याचं बहुतेक आयुष्य अशा मिश्र वर्गांत गेलंय, म्हणून हे ठामपणे सांगतो. या तिघांना एकत्र बसवायला संगीताच्या बाजूनं काहीच कारण नाही. जिला दिसत नाही ती सगळं कानानं घेणार, इम्प्लांटवाल्याला नेमकं तेच अवघड, आणि तिसऱ्याची गरज या दोघांहून निराळी. एखाद्याला अर्धा तास जास्तीचा लागला तर जरूर द्या, पण तो वर्गाच्या जोडीला, वर्गाऐवजी नको.

आपल्याकडे याचा फार मोठा दाखला आहे, तो कर्नाटकातल्या गदगचा. पंचाक्षरी गवई स्वतः अंध होते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींत त्यांचा अधिकार होता, आणि अंध, गरीब मुलांना त्यांनी राहायला जागा, जेवण आणि गाणं दिलं. त्यांच्यानंतर गदगच्या या वीरेश्वर पुण्याश्रमाची धुरा पुट्टराज गवई यांनी २०१० साली देह ठेवेपर्यंत वाहिली, तेही अंध. पण तिथं शिकलेले सगळेच अंध नव्हते. बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवयांचेच शिष्य, आणि त्यांना दिसत होतं. अंध गुरूसमोर डोळस आणि अंध मुलं एकत्र बसून शिकली आणि त्यातून राजगुरूंसारखा गवई घडला. त्या तालमीत कुणाची गती मंदावल्याचं दिसत नाही.

तुमच्या पदवीचीही मुळं अशीच आहेत. लहानपणी फटाक्यांच्या अपघातात विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना इजा झाली आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले वर्ग, आणि घराण्याशी नातं नसलेल्या माणसालाही उघडं दार. तुम्ही दिलेली परीक्षा त्याच प्रवाहातून आली.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो, कारण समावेश हा शेवटी तिथंच होतो किंवा होत नाही.

तीनतालाची हातावरची मोजणी घ्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. खालीला आपण हात नुसता बाजूला करतो, आवाज होत नाही. जिला दिसत नाही तिच्यासाठी तालाची ही खूण अस्तित्वातच नाही. तेव्हा खाली तोंडानं म्हणा, सगळ्यांकडून म्हणवून घ्या. मग तबल्याकडे वळा. तीनतालाच्या ठेक्यात धा तिं तिं ता येतं तेव्हा दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा, म्हणजे जोडीतला घुमणारा डावा, गप्प असतो आणि चौदाव्या धिंला परत येतो. हा घुमारा जातो कुठे आणि येतो कुठे, एवढंच मुलांना शोधायला सांगा. ती मुलगी कानानं शोधेल. इम्प्लांटवाल्याला डग्ग्याच्या कडेवर किंवा लाकडी पाटावर तळवा ठेवू द्या, त्याला ते हाताला कळेल. आणि बाकीची मुलं, जी आजवर बोटं मोजत होती, ती पहिल्यांदा ठेका ऐकायला लागतील. अशा बदलांनी वर्ग मागे पडत नाही, उलट सगळ्यांचा ताल पक्का होतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नव्या वर्गाला ताल याच मार्गानं शिकवतो, वर्गात कुणीही असो.

इम्प्लांटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं शिक्षकांच्या अपेक्षा चुकतात. यंत्र बसवलं म्हणजे आपल्यासारखं ऐकू आलं, असं नसतं. कानाच्या आतल्या शंखात साधारण ३,५०० आंतर केशपेशी आवाज टिपतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम १२ ते २२ इलेक्ट्रोडना करावं लागतं. लय त्यातून चांगली पोचते, शब्द बऱ्यापैकी पोचतात, पण जवळजवळच्या स्वरांतला फरक पुसट होतो. म्हणजे पहिल्याच महिन्यात कोमल-शुद्ध ऋषभ ओळखायला सांगितलं तर त्याच्या पदरी निराशाच येणार. लयीपासून सुरुवात करा. मग सा, पंचम आणि तार षड्ज अशी लांबची अंतरं. स्वर वर जातोय की खाली, हे हातानं हवेत दाखवा आणि त्यालाही दाखवू द्या. सगळे एकदम गात असताना त्याच्या कानी गोंधळच पडतो, म्हणून नवीन ओळ आधी एका आवाजात द्या, समोर बसून, ओठ दिसतील असं. तानपुरा यंत्राचा आवाज त्या वेळी कमी ठेवा.

एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण कर्णबधिर झाल्या होत्या. शाळेतले त्यांचे तालवाद्यांचे शिक्षक टिंपनी (स्वरात लावता येणारे मोठे नगारे) वाजवत आणि त्या वर्गाच्या भिंतीला हात टेकून कुठला स्वर शरीरात कुठे जाणवतो ते शोधत. पुढे त्या जगभर एकल वादक म्हणून गाजल्या. मला त्या शिक्षकाचं फार कौतुक वाटतं. 'हिला ऐकू येत नाही' इथं तो थांबला नाही, आणि तिच्याकडून कमी दर्जाचं वादनही त्यानं मान्य केलं नाही.

दर्जाचा हा मुद्दा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा आहे. पोचण्याचा मार्ग बदला, संगीताची मागणी कमी करू नका. बेसूर लागलं तर न दिसणाऱ्या मुलीलाही 'परत घे' म्हणा. दयेपोटी 'छान, छान' म्हणत राहिलात तर तिला ते लगेच कळतं, आणि आपल्याकडून इथं काही अपेक्षा नाही हेही कळतं. तसंच, समूहगानात अशा मुलाच्या हातात टाळ देऊन त्याला कोपऱ्यात बसवण्याची सवय मोडा. एकाच बंदिशीत कामं वाटता येतात: कुणी सा धरेल, कुणी मात्रा सांभाळेल, कुणी स्थायी गाईल, कुणी ताना घेईल. पण ही कामं फिरती हवीत. टाळ धरणाऱ्याची पाळी स्थायी म्हणण्यावर आलीच पाहिजे.

त्या मुलीसाठी लेखनाचा प्रश्न उरतो. आपली तालीम मुळात मुखोद्गत, तिथं तिचं अडत नाही, पण घरी रियाजाला काहीतरी हातात हवं. गाणं लिहायच्या भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर-खाली बिंदू. या सगळ्या डोळ्यांच्या खुणा आहेत. तिला ब्रेल येत असेल तर स्वरांची अक्षरं लिहिता येतातच, कोमल-तीव्र आणि सप्तकाच्या खुणा तिच्यासोबत बसून ठरवा आणि मग बदलू नका. लुई ब्रेल स्वतः ऑर्गनवादक होता आणि १८२९ साली त्यानं आपली लिपी मांडली तेव्हा तिच्यात संगीतलेखनाचाही विचार होता. वर्गात 'असं', 'इथून', 'हे बघ' हे शब्द टाळून 'गंधारावरून', 'सातव्या मात्रेला' असं बोला. तुमचं शिकवणंच नेमकं होईल.

ऑटिस्टिक मुलाबद्दल आधी पालकांना विचारा: कुठले आवाज सहन होत नाहीत, त्रास व्हायला लागला की कसं ओळखायचं, कशानं शांत वाटतं. तासाचा क्रम ठरलेला ठेवा आणि चित्रांच्या पट्टीवर लावा: आधी आकार, मग पलटे, मग बंदिश. डोळ्यांत बघण्याचा आग्रह नको. तो खोलीत फिरत असेल तर तो ऐकत नाही असं धरू नका; ओळ मध्येच सोडून पाहा, पुरी करेल कदाचित. आणखी एक बारीक गोष्ट. ऑटिस्टिक मुलांमध्ये स्वराची उंची नेमकी लक्षात ठेवणारी मुलं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतात. आपल्याकडे सा सरकता, पेटीच्या कुठल्याही पट्टीवर धरता येतो. काल काळी चारवर शिकवलेली बंदिश आज पांढरी दोनवर घेतलीत तर अशा मुलाला ती चुकीचीच वाटेल आणि तो अस्वस्थ होईल. त्याला हट्टी ठरवू नका. पट्टी बदलणार असाल तर आधी सांगा, नवा सा नुसता ऐकू द्या, मग गा.

बैठकीचंही बघा. मांडी घालूनच गाणं, हा आग्रह व्हीलचेअरवरच्या किंवा गुडघे न वळणाऱ्या विद्यार्थ्याला दाराबाहेर ठेवतो. पेटी टेबलावर ठेवा. एकच हात चालत असेल तर भाता दुसरा कुणी मारेल, किंवा भात्याची गरजच नसलेला कीबोर्ड घ्या.

कार्यक्रमात मात्र एक पथ्य पाळा: निवेदनात मुलाच्या अपंगत्वाचा उल्लेख नको. राग सांगा, ताल सांगा, नाव सांगा.

करिअरचं म्हणाल तर होतं, सावकाश होतं. विशेष शिक्षक आणि श्रवणतज्ज्ञ यांच्याशी ओळख वाढवा, ते तुम्हाला शिकवतील आणि विद्यार्थीही पाठवतील. पाटीवर 'संगीतोपचार' लिहू नका. ते वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे आणि तुम्ही गाणं शिकवता, हे पुरेसं आहे. परीक्षांबाबत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि लेखनिक, वाढीव वेळ अशा सवलतींचा त्यात उल्लेख आहे. तुमच्या परीक्षा केंद्रावर यातलं काय मिळतं ते फॉर्म भरण्याआधी लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. तिघांच्या पालकांना या आठवड्यात बोलवा आणि चालू बॅचमधली वेळ द्या.