गुलमंडीजवळचा आजोबांचा वाडा पाडावा, की नीट करून पर्यटकांसाठी काही सुरू करावं?

पाडू नका. तुम्ही लिहिलंय की हेरिटेज वॉकवाले दारात उभं राहून फोटो काढतात, भाऊ पाडून तीन मजली काढू म्हणतोय आणि तुमचं मन होत नाहीये. आमच्या घरात याच विषयावरून चुलत भावाभावांनी एकमेकांच्या कार्याला जाणं सोडलं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

आमचा वाडाही संभाजीनगरच्या जुन्या शहरातलाच. ढेलज (दारालगतची ओसरी), चौक, सागवानी खांब, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर), देवघराच्या भिंतीत बळद, म्हणजे सामान ठेवायची पोकळी. वाटणीत पूर्वेची बाजू चुलत्यांकडं गेली, पश्चिमेची आमच्याकडं आली आणि मधली भिंत सामाईक राहिली. चुलतभाऊ (आम्ही त्याला दादाच म्हणतो, मोठा आहे) म्हणायचा, दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती कोण टाकत बसणार, स्लॅब टाका अन् मोकळे व्हा. त्याची बाजू, त्याचा पैसा, आम्ही काही बोललो नाही. पण त्यानं मधल्या भिंतीचा जुना चुना खरवडून खालपासून वरपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि वरून ऑइलपेंट मारला. मी तेव्हाच सांगितलं होतं की दादा ही भिंत दगड-मातीची आहे, पायातून वर चढलेली ओल चुन्यातून बाहेर वाळते, तू तोंड बंद केलंस तर ती जाणार कुठं. तो म्हणाला, "तू काय इंजिनियर लागून गेलास का?"

ती ओल आमच्याकडं निघाली. देवघराच्या भिंतीला लोणा म्हणजे मिठाचा थर धरला, रोज सकाळी फरशीवर पांढरी पूड, बळदात आईनं जपून ठेवलेले जुने कागद दमट होऊन एकमेकांना चिकटले. आणि दादा सगळ्या नातेवाइकांत सांगायलाय की यांचा चुनाच कुजका, आमची बाजू बघा कशी ठणठणीत. मग मी चुन्याचं काम येणारा गवंडी शोधला, सोपं नाही ते, म्हातारी माणसं उरलीत आणि त्यांची पोरं टाइल्स बसवतात. त्यानं चुना भिजवून मुरवला, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी घातली, गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलं, भिंतीवरचं मीठ कोरड्या ब्रशनं झाडून मग थर दिला. आमची भिंत वरून वाळली, खाली थोडा लोणा अजून येतो कारण पलीकडं सिमेंट तसंच आहे. दादाचा गिलावा मात्र फुगून सुटला आणि सुटताना आतल्या दगडाचे पापुद्रे घेऊन आला. त्यानं काय केलं, तर परत सिमेंट.

पर्यटकांचं म्हणाल तर ते येतात शहराचे जुने दरवाजे बघायला. भडकल दरवाजा मलिक अंबरनं 1612 ला बांधला, पाणचक्की 1744 ची, त्यांना बोर्ड लागतात, लायटिंग होतं, चांगलंच आहे. पण मलिक अंबरनं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून शहरात आणलं ते इथं राहणाऱ्या लोकांसाठी, आणि आतले वाडे गेले की दरवाजा नुसता ट्रॅफिकच्या मधे उभा राहतो, मग कोणीतरी म्हणतंच की रस्ता रुंद करायचाय. दमडी महाल रस्त्यासाठीच गेला. माझ्या मते राहता वाडा जपणं हे दरवाजा रंगवण्यापेक्षा मोठं काम आहे आणि त्याला कोणी पैसे देत नाही याचा मला राग आहे.

खोल्या द्यायच्या असतील तर राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, ती राहत्या घरांसाठी आहे, म्हणजे तुम्ही पुण्यात बसून नुसतं भाडं घेणार असाल तर नादी लागू नका. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, त्या दिवशी पाहुणे शहरात मोकळे असतात, आमच्या गल्लीत तेव्हाच जास्त दिसतात. संडास-बाथरूम नवीन करा, त्यात काही पाप नाही, फक्त जुन्या भिंतीत पाइप पुरू नका, बाहेरून न्या.

बाकी सगळं म्हणजे, आधी तुळया ठोकून बघा, वाळवीनं पोकळ केल्या असतील तर टेकू दिल्याशिवाय खाली कोणी झोपू नका, जुनी वायरिंग सगळी काढा. चुन्याला पैसा जास्त लागतो आणि वेळ तर लागतोच. वाडा हेरिटेज यादीत आहे का ते विचारा, आणि केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत असेल तर 2010 च्या कायद्यानं नवीन बांधकाम होतच नाही, परवानगी घेऊन फक्त दुरुस्ती होते, म्हणजे तसं निघालं तर भावाचा तीन मजल्यांचा विषयच संपला. वारस खूप असतील आणि सगळ्यांना पैसेच हवे असतील तर मात्र माझ्याकडं उत्तर नाही, अशा लोकांना मी नावं ठेवत नाही.

पण भावानं वाटणी मागितली तर कागदात एक ओळ लिहून घ्या, सामाईक भिंतीला दोन्हीकडून चुनाच लागेल, दुसरं काही नाही. आमच्या कागदात ही ओळ घाला असं मी तेव्हा म्हटलं होतं, दादानंच नको म्हटलं.