नशा सोडल्यानंतरचं एकटेपण आणि 'अंडर द ब्रिज'

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. नशा सोडलीस, त्रास संपला, पण आता जुन्या ग्रुपमध्ये बसलं की उपऱ्यासारखं वाटतं म्हणतोस. ते 'अंडर द ब्रिज' गाणं तू गिटारवर वाजवतोस ना, ते नेमकं ह्याच्यातूनच आलंय.

ते गाणं करणाऱ्या रेड हॉट चिली पेपर्स ह्या अमेरिकन रॉक बँडचा गायक अँथनी कीडिस आणि गिटारिस्ट हिलेल स्लोवाक शाळेपासूनचे दोस्त, दोघंही हेरॉइनवर. जून १९८८ मध्ये हिलेल ओव्हरडोसने गेला, वय फक्त २६. अँथनी अंत्यसंस्कारालासुद्धा थांबू शकला नाही. त्याच वर्षी त्याने सोडलं.

मग नव्या अल्बमच्या रिहर्सल सुरू झाल्या तेव्हा नवा गिटारिस्ट जॉन फ्रुशांते आणि बासिस्ट फ्ली एकत्र गांजा ओढायचे आणि अँथनी क्लीन, त्यामुळे आपोआप बाजूला पडला, मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं रे. लॉस एंजेलिसमध्ये एकटाच गाडीने घरी जाताना त्याला वाटलं की ह्या शहराशिवाय आपलं कोणी नाही, आणि पुलाखाली ड्रग्ज घ्यायला जायचो ते दिवस आठवले. ते सगळं त्याने वहीत उतरवलं आणि वही मिटून ठेवली, कारण आपल्या बँडला असलं हळवं काही शोभणार नाही असं त्याला वाटत होतं. प्रोड्यूसर रिक रुबिनने ती कविता पाहिली आणि बँडला ऐकवच म्हणून मागे लागला. शेवटी अँथनी घाबरतच सगळ्यांसमोर गायला. तो काही बोलायच्या आत जॉन आणि ड्रमर चॅड उठून आपापल्या वाद्यांकडे गेले आणि कॉर्ड, ठेका शोधायला लागले. म्हणजे ज्याच्यापासून तुटलोय असं वाटत होतं, तोच जॉन! मला ह्या गोष्टीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, गाणं १९९२ मध्ये अमेरिकेत दोन नंबरला गेलं त्यापेक्षाही.

म्हणून तुझ्या वहीतलं कोणालातरी वाचून दाखव. ग्रुप नको असेल तर एनएच्या (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, नशा सोडलेल्यांचा गट) मिटिंगला जा, किंवा पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतात, तिथे ह्या एकटेपणाबद्दल कोणी हसणार नाही.

आणि अजून एक, हे सिरियसली घे. अँथनी १९९४ मध्ये दाताच्या ट्रीटमेंटमध्ये दिलेल्या औषधामुळे परत घसरला, नीट सुटायला २००० साल उजाडलं. तुझी अक्कलदाढ काढायचीय ना? डेंटिस्टला पहिल्याच भेटीत सगळं स्पष्ट सांग, गुंगीचं किंवा पेनकिलर काय देणार ते विचार, आणि गोळ्या घरी आईकडे ठेवायला दे.

तुझा,
दादा