नोकरीचं नंतर बघू, आधी आईची ठेव पावती दाखवा

पत्र बेळगावच्या शहापुरातून आलंय. लिहिणारे ३४ वर्षांचे, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेत. हातात महिना ४८ हजार पडतात, घरात आई (६६), बायको आणि चार वर्षांची मुलगी, खर्च ३२ हजार. सात वर्षं रात्री जागून त्यांनी तीन भागांची अद्भुत कादंबरी लिहिली, आणि तिच्याच जगातलं एक गेमबुक. म्हणजे वाचकच नायक. फासा टाकायचा, ‘दार ढकलायचं असेल तर ५७ वर जा, मागे फिरायचं असेल तर २१४ वर’ असे ३५० तुकडे. प्रश्न एका ओळीचा: ‘नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू काय?’ आणि तळाला, जाता जाता: ‘घरखर्चाचं टेन्शन नाही. खानापूरकडची आईच्या वाट्याची जमीन विकून आलेले २२ लाख सौहार्दमध्ये साडेदहा टक्क्यांनी ठेवलेत, शिवाय भावोजींनी गॅरंटीड प्लॅन काढून दिलाय.’

विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो. सोडू नका, निदान यंदा तरी नाही.

गणित बघा. ४०० रुपयांचं पुस्तक, १० टक्के मानधन, प्रतीमागे ४० रुपये. हजार प्रतींची आवृत्ती संपली तर ४० हजार, म्हणजे तुमचा एका महिन्याचा पगारही नाही. आणि मराठीत हजार प्रती संपायला वर्षं लागतात. तुम्ही ज्या इंग्लंडच्या जो डेव्हर यांचं उदाहरण देता, त्यांचीच गोष्ट पुरती वाचा. १९८४ ला त्यांची ‘लोन वुल्फ’ ही गेमबुकांची मालिका सुरू झाली, जगभर लाखोंनी खपली. पुढे पोरं व्हिडिओ गेमकडे वळली. ३२ भाग ठरलेले असताना १९९८ मध्ये २८ व्या भागावर प्रकाशकाने हात आखडता घेतला. २९ वा भाग काढायला २०१६ उजाडलं, तोही स्वतःच्या प्रकाशनातून, आणि त्याच वर्षी ते गेले. हा यशस्वी माणसाचा हिशेब झाला. जवळचं उदाहरण हवं तर जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले, इंदिरा संत तुमच्याच गावात अध्यापनाच्या नोकरीत होत्या. त्यांच्या लिखाणाला नोकरीने बाध आला असं कुणी म्हणत नाही.

आता न विचारलेलं.

तुम्ही ‘सौहार्दमध्ये’ असं लिहिलंत, जसं कुणी ‘स्टेट बँकेत’ लिहावं. सौहार्द ही बँक नव्हे. कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेली ती पतसंस्था आहे. बँक बुडाली तर, मग ती सहकारी का असेना, ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत देतं. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. पतसंस्थेला तो विमाच नाही. २२ लाखांतले ५ लाखसुद्धा नाहीत, शून्य. सगळी रक्कम एका संस्थेत, एका नावावर, आणि भरवसा कशाचा, तर ‘चेअरमन आमच्या गल्लीतलेच’. अहो, बुडालेल्या प्रत्येक पतसंस्थेचा चेअरमन कुणाच्या तरी गल्लीतलाच होता!

माझ्या मावशीने अशाच एका संस्थेत ६ लाख ठेवले होते. व्याज दर महिन्याला वेळेवर यायचं, दिवाळीला मिठाईचा पुडा यायचा. एका सोमवारी शटरला कागद चिकटवलेला दिसला. त्यानंतर चार वर्षं ती वसुलीची बैठक असेल त्या दिवशी डबा घेऊन तिथे जाऊन बसायची. परत आले ९० हजार, तेही तुकड्यातुकड्याने. तुमची संस्था तशीच आहे असं मी म्हणत नाही. ती उत्तमही असेल. पण हे तुम्हाला शहापुरात बसून कळणार नाही आणि मला तर नाहीच नाही.

तुमच्या गेमबुकात ‘२१४’ वर मरण आलं तर पोरं काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे: मागच्या पानात बोट अडकवून ठेवलेलं असतं, तिथे परत येतात. आईच्या पैशात बोट अडकवायला पान नाही. वय ६६, जमीन एकदाच विकता येते.

साडेदहा टक्क्यांनी २२ लाखांचे वर्षाला २ लाख ३१ हजार, महिन्याला १९ हजार येतात. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के आहे, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. तिथे १ लाख ८० हजार, महिन्याला १५. फरक ४ हजारांचा. या ४ हजारांसाठी तुम्ही आईचे २२ लाख डोळे मिटून टांगून ठेवलेत. आणि तुमचा खर्च ३२ हजार, म्हणजे १९ मिळाले तरी दर महिन्याला १३ कमीच पडणार होते. टेन्शन नाही म्हणता, ते कुठल्या हिशेबाने?

दोन पावत्या आहेत म्हणता. १२ लाखांची मार्चमध्ये संपते, ती संपली की एक दिवसही पुढे ढकलू नका, थेट पोस्टात. १० लाखांची अजून दोन वर्षं आहे. उद्या जाऊन ती मुदतीआधी मोडायचा अर्ज द्या. दंड १० ते २० हजार बसेल, बसू दे. लगेच चेक हातात ठेवला तर संस्था ठीक असण्याची शक्यता. ‘पुढच्या आठवड्यात या, साहेब नाहीत’ असं ऐकू आलं तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली. मग रोज जा. आणि हो, पैसे आईचे आहेत. सही तिची, तिला बरोबर न्या, आणि तिला हे सगळं समजावून सांगा. पत्रात तिचं मत काय ते कुठेच दिसलं नाही.

भावोजींचा प्लॅन: वर्षाला १ लाख २० हजार, १२ वर्षं, म्हणजे १४ लाख ४० हजार, विसाव्या वर्षी २८ लाख. ‘दुप्पट, तेही गॅरंटीड’. परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास, पोस्टापेक्षा कितीतरी कमी. विमा १२ लाखांचा, ज्यावर चार वर्षांच्या मुलीचं घर आजच्या खर्चाने जेमतेम तीन वर्षं चालेल. नोकरी सोडणाऱ्या माणसाला दरमहा १० हजारांचं ओझं विकणं याला सल्ला म्हणत नाहीत. गेल्या वर्षी एक हप्ता भरलाय ना? दुसरा भरू नका. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसीला पहिल्या वर्षानंतर थोडी सरेंडर रक्कम (पॉलिसी सोडली तर परत मिळणारे पैसे) मिळते, ती कंपनीकडून लेखी मागवा. बाकीचे गेले असं समजा, उरलेले १३ लाख २० हजार वाचले. त्यातून १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे तुम्ही गेलात तरच घरच्यांना पैसे देणारा, तो घ्या. भावोजी रुसतील, रुसू देत.

कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो. आईसाठी वेगळा आताच घ्या; आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळायला ३ वर्षांपर्यंत वाट बघावी लागते.

आता पुस्तकाचं. तुम्ही लिहिलंत तसे प्रकाशकाला १ लाख ६० हजार देऊन ५०० प्रती, वर त्यातल्या २०० तुम्हीच विकत घ्यायच्या? नको. कादंबरी थांबू दे, गेमबुक आधी काढा, ते वेगळं आहे. १०० प्रती डिजिटल छापा, दोन छापखान्यांचे भाव घेऊन. छापण्याआधी दहा-बारा वर्षांच्या पाच पोरांना हस्तलिखित खेळायला द्या, ३५० तुकड्यांत कुठेतरी चुकीच्या आकड्यावर उडी असणारच. मग हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या मराठी साहित्य संमेलनांत टेबल मांडा. कुणी विकत घेतंय का, पोर जमिनीवर बसून फासा टाकतंय का, ते बघा. मानधनावर करसवलत मिळते, जुन्या कररचनेत ३ लाखांपर्यंत. तिथवर पोचलात की लिहा, आनंदाने सांगेन.

राजीनाम्याचा विषय तुमच्या नावावर, बँकेत, १८ महिन्यांचा खर्च म्हणजे पावणेसहा लाख साठले की परत काढू. आईचे त्यात मोजायचे नाहीत.

दोन्ही ठेव पावत्यांचे फोटो पाठवा. मागच्या बाजूचेही; मुदतीआधी मोडायचा नियम तिथे बारीक कन्नडमध्ये असतो, आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लागलंय तेही मला बघायचंय.