बसून काढलेला आणि झोपून काढलेला ईसीजी वेगळा येतो का?

बाबांचा एक ईसीजी निपाणीत खुर्चीत बसवून काढला, दुसरा बेळगावात झोपवून, आणि दोन्हीत फरक दिसतोय म्हणून मशीन खराब आहे का असं विचारलंय तुम्ही. मी बेळगावातच ईसीजी काढायचं काम करतो, मशीनला लगेच नावं ठेवू नका.

हृदय काय छातीत खिळा मारून बसवलेलं नाही. माणूस उठून बसला की फुप्फुसाखालचा पडदा खाली उतरतो आणि हृदय जरा उभं होतं, डाव्या कुशीवर वळला की ते डावीकडं सरकतं, पण इलेक्ट्रोड, म्हणजे वायरींची चिकटवलेली टोकं, कातडीवर आहेत तिथंच राहतात, त्यामुळं क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लाटेची, उंची बदलते, ॲक्सिस, म्हणजे हृदयातल्या विजेची एकूण दिशा, बदलतो, कधीकधी त्या लाटेनंतरचा एसटी भाग आणि टी लाट पण. ईसीजीत हृदय वेगवेगळ्या बाजूंनी बघतात, त्या एकेका बाजूला लीड म्हणायचं, आणि त्यात लीड थ्री सगळ्यात नाटकी. त्यात क्यू, म्हणजे लाटेच्या सुरवातीचा खड्डा, दिसला की मशीन 'जुना इन्फार्क्ट असू शकतो', म्हणजे आधी हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल, असं छापून मोकळं, आणि घरचे घाबरून बसतात. मग पेशंटला मोठा श्वास घेऊन धरायला सांगतात, आमच्याकडं निम्म्यांना कन्नडमधून "उसिर हिडीरी" म्हणावं लागतं, आणि नुसता पोझिशनमुळं आलेला क्यू असला तर बऱ्याचदा तो लहान होतो नाहीतर जातोच. अर्थात तेवढ्यावर डॉक्टर निकाल देत नाहीत, लीड टू आणि एव्हीएफ या शेजारच्या लीड पण बघतात.

नियम उताणं झोपवून काढायचा. दम लागणाऱ्याला आडवं करता येत नाही, तिथं पाठ उचलून काढायचा, पण तसं कागदावर लिहायचं, आणि हेच कुणी लिहीत नाही बघा.

खरं सांगू, माझ्या मते पोझिशनपेक्षा जास्त घोळ इलेक्ट्रोडच्या जागेनं होतो. छातीवरचे व्ही वन, व्ही टू हे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत पाहिजेत, घाईत वर चिकटवले की आर वेव्ह, म्हणजे वर जाणारी लाट, बारीक होते आणि नसलेला जुना ॲटॅक दिसतो. हातांच्या वायरी उलट लागल्या तर लीड वन पालथी.

छातीत दुखत असेल, घाम सुटला असेल तर मात्र बसून का झोपून करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. तसं काही नसेल तर दोन्ही कागद एकदमच डॉक्टरांना दाखवा, आणि निपाणीचा बसवून काढलेला हे तोंडानं सांगा, कागदावर बहुतेक नसणारच.