डिशला पाय नकोत, असं का?

प्रश्न: विज्ञान दिनाला मुलीला घेऊन खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. तिथे प्रत्येक डिशवर चार लोखंडी पायांवर फीड (गोळा झालेल्या लहरी टिपणारा भाग) बसवलेत. पण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या पोलरायझेशनचा नकाशा करणाऱ्या सी-बास दुर्बिणीत पायच नाहीत, फोम आहे म्हणे. असं का? खोडदच्या डिश चालणार नाहीत का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: मुलीला नेलंत हे फार छान केलंत! आधी गच्चीवरचा दूरदर्शनचा जुना अँटेना आठवा. त्याच्या कांड्या आडव्या असायच्या, वाऱ्याने तो उभा फिरला की चित्रात मुंग्या यायच्या, कारण लहरींचं कंपन आडवं होतं. हेच पोलरायझेशन. आता डिशसमोर लोखंडी पाय आला की पायाच्या दिशेतलं कंपन जास्त विखुरतं, पायाला काटकोनातलं कमी, म्हणजे आकाशात नसलेलं पोलरायझेशन दुर्बीण स्वतःच तयार करते. त्यात जमीन साधारण 300 केल्विनला तापलेली आणि मोजायचा सिग्नल मिलीकेल्विनचा, म्हणजे केल्विनच्या हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे पायांवर आपटून आत शिरलेली जमिनीची थोडीशी उष्णताही नकाशा बिघडवते.

म्हणून सी-बासच्या कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीच्या 6.1 मीटरच्या डिशवर दुसरा आरसा (डिशवरून आलेल्या लहरी फीडकडे वळवणारा) फोमच्या शंकूवर ठेवलाय. फोममध्ये बहुतेक हवाच, लहरींना तो जवळजवळ दिसतच नाही, आणि कुठूनही बघा, सगळं गोल नि सारखं. डिशच्या कडेला लहरी शोषणारा पट्टा पण लावलाय. मला स्वतःला हे डिझाइन जाम आवडतं.

फ्रिक्वेन्सी 5 गिगाहर्ट्झ, म्हणजे 6 सेंटिमीटर लांबीची लहर, तीही विचार करून घेतलीय. वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रामुळे पोलरायझेशनची दिशा फिरते आणि हे फिरणं लांबीच्या वर्गानुसार वाढतं, त्यामुळे 21 सेंटिमीटर लांबीच्या लहरीच्या तुलनेत इथे ते साधारण बारापट कमी. विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून येणाऱ्या जुन्या प्रकाशातून आपल्या आकाशगंगेची झळाळी वजा करायला असाच स्वच्छ नकाशा लागतो.

खोडदच्या डिश पोलरायझेशन मोजतात की! पण त्या तीस डिश जोडून बारीक तपशील टिपतात, आकाशभर पसरलेली मंद झळाळी मात्र अशा जोडणीतून निसटते. तिथे एकटी छोटी डिशच हवी, आणि दक्षिणेकडचं आकाश कॅलिफोर्नियातून दिसत नाही म्हणून दक्षिण आफ्रिकेत कारूमध्ये 7.6 मीटरची दुसरी उभी केली.